कोण लागतो

ट्रॅम डेपोच्या अर्जात तेवीस रकाने.
नाव: सानिता. वय: त्रेचाळीस.
आधीचं काम: औषधांचं दुकान, एकोणीस वर्षं.
(दुकान बंद झालं. आता तिथे कुत्र्यांचे केस कापतात.)
एकविसाव्या रकान्यात विचारलंय,
अपघात झाला तर कोणाला कळवायचं.
हात आपोआप चालला: गातिस, आणि त्याचा नंबर,
जो मला माझ्या नंबरापेक्षा चांगला पाठ आहे.
बाविसावा: तो तुमचा कोण लागतो?

पेन तिथेच.

आधी 'शेजारी' लिहिलं.
पण तो शेजारी नाही, दौगवापलीकडे राहतो.
खोडलं.
खिडकीतली मुलगी म्हणाली, रेघ मारली तरी चालते.

सहा वर्षं तो मला काय काय लागला
ते सांगता येईल.
आत आला की त्याच्या कोटाची थंडी लागायची.
त्याच्या घोरण्याशिवाय झोप लागेना,
असाही एक हिवाळा गेला.
पण कोण, ते आम्ही विचारलं नाही,
जसं अळंबी कुठे सापडली, ती जागा
इथे कुणी कुणाला विचारत नाही.

माझ्या नामदिनाला तो यायचा.
पण नामदिनाला कुणीही येतं,
बोलावणं नसताना यायचीच रीत आहे रीगात,
त्यामुळे त्याच्या येण्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.
फुलं आणायचा विषम, पाच किंवा सात.
सम फुलं मेलेल्यांची.
एकदा वाटेत एक देठ मोडला असावा, सहाच उरली होती,
तर दाराबाहेर थांबून
एक फूल काढून खिशात घातलं त्याने.
मी दाराच्या भिंगातून पाहिलं.
त्या एका फुलावर मी दीड वर्ष काढलं.

जूनमध्ये लीएपायाला गेला, बंदरात काम होतं.
मग पुढे? म्हटलं.
बघू, म्हणाला.
ट्रॅममधल्या कडीसारखा शब्द:
धरून ठेवला तर पडत नाही माणूस,
पण बसायला मिळत नाही.

वेल्टा शिकवते मला. साठीची, हातमोजे विणत विणत.
म्हणते, ट्रॅमला बाजूला होता येत नाही, बाई.
समोर कुणी आलं तर घंटा द्यायची
आणि थांबायला सुरुवात करायची, फार आधीपासून.
ऑक्टोबरात पानं रुळांवर चिकटतात, साबणासारखी.
पायाखाली एक बटण आहे, त्याने वाळू पडते.
मूठभर वाळू,
आणि अठरा टन लोखंड परत पाय रोवतं.
हे कळून मला इतका आनंद झाला
की गरज नसताना मी दोनदा सोडली.
वेल्टाने वहीत लिहिलं: वाळू जास्त.

काल, संध्याकाळी, नदीपलीकडे,
बाजाराच्या थांब्यावर एकाने हात केला.
तोच कोट. हातात बटाट्यांची जाळी.
परत आल्याचं मला कुणी कळवलं नव्हतं.
माझ्या काचेवर मोठ्या अक्षरात पाटी होती: शिकाऊ.
शिकाऊ गाडी कुणालाही घेत नाही.
त्याने पाटी वाचली, हात खाली घेतला,
मला पाहिलं नाही.
मी एकदा घंटा दिली. नियमातच आहे.

वेल्टा विणतच होती.
ओळखीचा?
मी म्हटलं, हो.
हो इतकंच निघालं, आणि मला वाटलं
बाविसाव्या रकान्यात
हे सहज मावलं असतं.

पुढे काय लागतं? तिने विचारलं, परीक्षेसारखं.
डावं वळण.
मग?
मग पूल.
आणि पुलावर?
वारा लागतो, मी म्हणाले, वेग कमी करायचा.
तिने सुया बाजूला ठेवल्या,
वहीत काहीतरी लिहिलं,
दाखवलं नाही.