ओलावा वजा जाता

जिनिंगच्या काट्यावर एकोणीस वर्षं झाली.
गाडी चढते, आकडा थरथरतो,
मी थांबतो. पहिला आकडा लिहायचा नसतो.
मग मूठभर कापूस यंत्रात दाबतो:
आठ टक्के ठीक, बारा आला की घट.
पाणी कापसाच्या भावानं कोणी घेत नाही.

बेसबॉलची वही त्याच सवयीची.
मुलगी शाळेकडून खेळायची, तेव्हा तिच्यापुरती.
ती लग्न होऊन काटोलला गेली,
वही माझ्याकडेच राहिली,
दोनशे पानी, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे.

रविवारी आर्वीला जिल्ह्याची निवड होती.
टेबलावर सतरंजी, सतरंजीवर चहाचे कप,
आणि डाखोरे सरांचं एकच पालुपद:
शर्वरी काळमेघ, होमरन अकरा!
अकरा, अकरा,
जसा जाहिरातीचा ऑटो गावातून फिरतो.

मी वही उघडली.
सर, अकरातले आठ एकाच मैदानावरचे,
जिथं डावीकडची हद्द
संत्र्याच्या बागेच्या तारेला लागते, मोजून सत्तर पावलं.
आमच्या मैदानावर तो फटका म्हणजे
धावतही न जाता घेतलेला झेल.
नववा ज्या पिचरला मारला, तिला ताप होता,
समासात लिहून ठेवलंय.
ओलावा वजा जाता राहिले दोन.

पोट्टी चांगली आहे, सर. मी कुठं नाही म्हणतो.
फक्त अकरा नाही.

आणि ही त्रिवेणी कुमरे.
"हिचे होमरन?"
शून्य.
बोबडे सर हसले, "मंग करते काय थे? उभी रायते?"
हाव, उभी राहते.
ऐंशीदा खेळायला आली, एकोणचाळीसदा बेसवर पोचली,
त्यातल्या एकतीसदा नुसती उभी राहून,
चार बॉल वाकडे जाईपर्यंत
बॅट खांद्यावरून न हलवता.
शर्वरी ऐंशीत चोवीसदा.
एका डावात तीनच आउट मिळतात, सर.
ही पोरगी ते खर्च करत नाही.

त्यांनी चहा मागवला. म्हणाले, बघू.

मी बाभळीखाली गेलो, ती बूट सैल करत होती.
"काहून मारत नाईस वं तू?"
तिनं माझ्याकडे पाहिलं,
जसं कुणी अगदीच सोपं गणित विचारावं.
"फुटली तं?"
शाळेत बॅट एकच. मधोमध चीर,
तिच्यावर वायरमननं दिलेली काळी टेप.
"सर म्हणले होते, जपून."

तीन वर्षं मी ओळीत ओळ लावली,
मैदान वजा केलं, ताप वजा केला,
धूळ, ऊन, उतरत्या बाजूचा वारा.
बॅटीसाठी रकानाच नव्हता.
आकडा खरा होता.
मी त्याला डोळ्याची पारख म्हणत होतो, एवढंच.

दुपारी तिच्या हाती जिल्ह्याची नवी बॅट दिली,
अजून प्लास्टिकचा वास येणारी.
पहिला चेंडू डोक्यावरून जात होता, तिनं मारला. हुकला.
दुसरा पायाशी, तोही मारला.
मी वही मिटावी की काय, असं झालं.
तिसरा तिरपा उडून हद्दीबाहेर गेला,
ग्रामपंचायतीच्या लोखंडी टाकीवर आदळला
आणि एवढा घणघणला
की रस्त्यावरची बकरी पळाली.
चौथ्यावर आउट.

"पाहा तुमची एकोणचाळीसवाली,"
बोबडे सर म्हणाले,
आणि मला उत्तर सुचलं नाही.
यादीत ती राखीव, सोळावी,
म्हणजे गाडीत जागा उरली तर.

परतीच्या बसमध्ये ती माझ्या मागच्या सीटवर.
पुलगाव फाट्यापर्यंत गप्प,
मग खांद्यावरून डोकावून:
"भाऊ, थो टाकीवाला वहीत येते का?"
येत नाही. फाउलला धाव नसते, बेस नसतो.
मी लिहिलं: नवी बॅट, चार चेंडू, नमुना अपुरा.
बस खड्ड्यातून गेली, अपुराचा रा वाकडा झाला.
मग तिचं अजून लक्ष आहे हे पाहून
समासात, बारीक अक्षरात:
टाकीला लागला. आवाज झाला.