वरचे भाडेकरू

कॉर्कमध्ये, नदीकडच्या गल्लीत
डिम्फना हेगर्टी लोकांच्या पँटी आखूड करून देते.
वरच्या खोलीत एकेचाळीस कंपन्या राहतात,
जिना मात्र कधी वाजत नाही.
दाराशी पितळी पाट्या. आत टेबल, बंद घड्याळ.

शुक्रवारी ती पाट्या घासते, बारा युरोंत.
त्यातलेही थोडे कापून येतात.

यंदा कर भरला
आणि ब्रोनाचे सोमवार-मंगळवार गेले.
ब्रोना बोलली नाही काही,
टाचण्यांची डबी तेवढी नीट लावून निघाली.

काल चुकून त्यांचं पाकीट फोडलं तिने.
नफ्याचा आकडा वाचताना बोट दोनदा घसरलं.
खाली, देय कर: शून्य.

चष्मा पुसून तिने पुन्हा पाहिलं.
काय हात आहे शिंप्याचा!
टाका कुठे दिसतच नाही.