खेळ

सोहारच्या बंदरामागं, खजुराच्या खोक्यांच्या शेडमध्ये
तीन नंबरचा हात पुन्हा थरथरला.
खोकं ठेवताना, नेमका शेवटच्या क्षणी,
म्हाताऱ्यानं कप बशीत ठेवावा तसा.

शाहदाद म्हणाला, मोटार गेली.
मोटार नाही. मी कोपर धरून हलवलं: खट्.
उलट हलवलं: परत खट्.

मॅन्युअलात याला बॅकलॅश म्हणतात.
माधवनगरच्या वर्कशॉपात हणबर मिस्त्री म्हणायचे, खेळ.
"एका अंगानं जाताना कळत नाय रं.
वळलास की कळतो."

डायल लावला. सुई चौदावर.
चौदा शतांश, म्हणजे दोन केस नीट एकावर एक ठेवलेले.
सव्वा मीटर हाताच्या टोकाला जाईतो
त्याचे साडेतीन मिलिमीटर झालेले.

रात्री दोनला सांधा उघडला.
पिन एकाच बाजूनं चकाकत होती.
बुश काढून टाकला, दोन टेपर बेअरिंग बसवल्या
तोंडाला तोंड लावून, मध्ये पितळी शिम,
आणि नट आवळत गेलो, सुई शून्यावर येईपर्यंत.
शून्य बघून छाती भरून आली, खोटं का बोला.

दुपारी पत्र्याखाली सत्तेचाळीस.
मोटारीच्या धगीनं दांडा फुगला,
हात अर्ध्यावर अडकला, खोकं फुटलं,
खजूर पट्ट्यावरून घरंगळत गेले.
शाहदाद काही बोलला नाही. वेचत बसला.

मागच्या रजेत घरी बत्तीस दिवस होतो.
पहिले चार दिवस दिव्याचं बटण
हात भलत्याच भिंतीवर शोधायचा.
ऋतुजानं पाणी आणलं ते तांब्याखाली ताटली धरून,
पाहुण्याला देतात तसं.
मी वळलो होतो. घरातलं काहीच हललं नव्हतं.
पाचव्या दिवशी, पायरीवर वाटाणे सोलताना
ती माझ्यावर खेकसली, "बाबा, साली त्यात टाकू नका,"
तेव्हा कुठं दात दातात बसला.

नट एक अष्टमांश सैल केला.
सुई दोनवर. दोन तशीच राहू दिली.
शाहदादनं विचारलं, शून्य का नाही?
त्याचं घर चाबहारला, समुद्रापलीकडं. सहा वर्षं गेला नाही.
म्हटलं, गरम झाल्यावर लागतं तेवढं.

रजिस्टरात लिहिलं: सांधा तीन, खेळ दोन, ठीक.
माझी रजा अठरा जूनपासून.
त्यापुढचा रकाना शेऱ्याचा.
तो कोरा ठेवला.