नांगर

मिस टर्नेल,
तुमचं पत्र पोचलं. सोबतचा फोटोही.
कड्याच्या टोकाला तुमचं चर्च,
बुटकं, करड्या गोट्यांचं,
आणि खाली पांढरा फेस.
तुम्ही लिहिता, गेल्या हिवाळ्यात
आणखी सात कबरी समुद्रात गेल्या,
पाद्रीबाई आता दर रविवारी
भिंतीपासून कड्यापर्यंत पावलं मोजतात.
हॅडलविकमध्ये उरलीत चौदा घरं.
आमच्याकडं घरं दोनशे;
समुद्र बघितलेली माणसं सहा-सात.

मी शांतवन कसबे. शाळेतून रिटायर झालो.
मृतांचं रजिस्टर माझ्या कपाटात असतं.
वाळवीनं समास खाल्लाय, नावं सोडलीत.
एडविन टर्नेल. वय एकोणीस. सुतार. पटकी.
शाईत एवढंच.
बाकीचं तोंडी चालत आलेलं:
होड्या बांधणाऱ्याचं पोर ते,
त्याला सांगितलं देवळाला छप्पर घाल,
त्यानं उलटी होडी घातली.
तिच्या पोटात बसून
आम्ही पाऊस मागतो.
सून म्हणते, वर बघवत नाही मामा,
नुसत्या फासळ्या.

तुम्ही विचारलंय,
त्याच्या आईनं मासळी विकून पैसे धाडले होते
दगडावर अँकर कोरायला,
तो अजून दिसतो का.

इथं थांबलो. चहा घेतला.

त्याचं असं झालं.
आईचं पत्र आलं, साहेबानं शब्दकोश काढला
आणि वडाराला शुद्ध मराठीत सांगितलं: नांगर.
धुळाप्पा वडार मंगळवेढ्याकडचा,
भीमेच्या पुरापलीकडं पाणी त्याला ठाऊक नव्हतं.
त्यानं नांगर कोरला.
रुमणं, इसाड, जू, फाळ,
फाळाची वसूसुद्धा विसरला नाही.
साहेब बघायला आला
तेव्हा टोपी हातात धरून बराच वेळ उभा होता म्हणे.
मग मजुरी दिली, वर चार आणे.
आईला काय कळवलं, ते रजिस्टरात नाही.

कुंपणापलीकडं मस्क्यांची ज्वारी.
येळवशीला त्यांची म्हातारी
आंबिलाचा पहिला शिंतोडा त्या दगडावर टाकते.
कुणाचा दगड, तिला माहीत नाही.
नांगर धरणारा कुणीतरी, म्हणते,
तरणा गेला.
मी कधी दुरुस्त केलं नाही.

उन्हाळ्यात आमची काळी अशी भेगाळते
की हात कोपरापर्यंत आत जातो.
कंपाउंडची भिंत दोनदा फाटली.
दगड तसूभर हललेला नाही.

हे सगळं इंग्रजीत लिहायला बसलो,
तीन कागद फाडले.
तुमच्या भाषेत त्याला दोन शब्द आहेत,
एक निवडावा लागतो.
म्हणून मराठीतच लिहितोय,
तिकडं कुणाकडून तरी वाचून घ्या:
होय बाई, नांगर आहे.
खोल बसलाय.

ता.क. भिंतीपासून किती पावलं उरलीत,
ते कळवत जा.