ओळ ४११७

नोव्हेंबर संपता संपता गोथेनबर्गच्या बंदरावर
पावणेचारलाच अंधार पडतो.
फेरीबोटींच्या कचेरीत दिवा लावून मी
गुनवोर एकेब्लाडनं वीस वर्षांपूर्वी घातलेल्या
घड्या मोडत बसलो आहे.

घड्याच म्हणायच्या.
प्रोग्रॅम चालू असतो तेव्हा फेरी उभी असते झाडासारखी.
तिला बोट असते, धक्का असतो, कप्तान असतो,
आणि फांदीला फांदी फुटावी तशा शक्यता:
सुटली,
किंवा उशिरा सुटली, आणि किती मिनिटं,
किंवा सुटलीच नाही, आणि का.
वीज गेली की झाड उभं राहत नाही.
म्हणून ते रात्री आडवं करायचं,
फांदी न मोडता, नुसते कंस घालत,
अक्षरांच्या एका रांगेत,
आणि सकाळी त्याच रांगेतून उठवायचं पान न् पान.

गुनवोर म्हणायची, नियम एकच.
लिही, मग वाच. हाती येईल ते तेच असलं पाहिजे.
मी नवा होतो. विचारलं, तेच की तसंच?
कॉफी ढवळत ती म्हणाली,
प्रोग्रॅमच्या आत दोन्ही एकच, सिक्स्टेन.
बाहेर धक्क्यावर जाऊन विचार.

या आठवड्यात मी तिचा टाइप आवळला.
'का'च्या जागी ती मोकळा मजकूर ठेवायची, काहीही चालायचं.
मी चारच कारणं ठेवली:
धुकं, वारा, बर्फ, इंजिन.
कंपायलर खूश. मीही.
चार हजार एकशे सोळा ओळी
शाळेतल्या मुलांसारख्या मुकाट आत गेल्या.
पुढच्या ओळीवर वाचणारं फंक्शन अडलं.
वाचता आलं नाही, एवढंच म्हणालं.
कुठं, कशामुळं,
ताकास तूर लागू देईना.

मग फाईल उघडून मीच वाचली, नुसत्या डोळ्यांनी:
*व्रोंगोची सकाळची फेरी. सुटलीच नाही.
एल्क मादी आणि पिल्लू धक्क्यासमोरून पोहत पलीकडे चालली होती.
कप्तान अल्गोतनं दोर सोडला नाही.
प्रवाशांची तक्रार नाही.*

हे धुकं नव्हे. वारा नव्हे.
'इंजिन' लिहून मोकळं व्हावं असंही वाटून गेलं,
कोण बघतंय?

पण बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.
फंक्शन कधी लिहून ठेवता येत नाही.
त्याला 'दाखव' म्हटलं की कंपायलर सरळ नकार देतो.
त्यातून निघालेलं उत्तर तेवढं फायलीत मावतं.
समोर पाणी, पाण्यात दोन डोकी,
आणि हातातला दोर न सोडणं,
याच्या मधलं जे काही होतं
ते अल्गोत बरोबर घेऊन गेला, तीन हिवाळ्यांपूर्वी.

गुनवोरला फोन लावला.
ती आता व्हेनर्सबोरीला असते, सफरचंदं वाळवते.
ओळ वाचून दाखवली तशी खूप वेळ हसली.
मग म्हणाली, पिल्लं दोन होती रे.
दुसरं मागं राहिलं होतं, लव्हाळ्यात.
अल्गोत वायरलेसवर ओरडला, थांब, अजून एक आहे,
तोवर मी एंटर दाबलं होतं.

मी पाचवी फांदी जोडली, नाव दिलं 'इतर',
आणि तिच्या टोकाला मोकळा मजकूर, जसा तिचा होता.
ओळ आत गेली.
परत लिहिली, परत वाचली,
दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिलं.
काना, मात्रा, पूर्णविराम,
कशात फरक नाही.

दुसरं पिल्लू घालायला कर्सर तिथं नेला होता.
काढून घेतला.

पाच वीसची बोट सुटताना खिडकीची काच थरथरली.
पडद्यावर हिरवी खूण आली:
सगळं जुळतं,
एका पिल्लासकट.