लाईट गेली की

लाईट गेली की राजेश्वरीची शाळा भरते
आणि संगमेशची सुटते.

उदगीरला, नळेगाव रस्त्याला, आमची पिठाची गिरणी.
दहा एच.पी.ची मोटार, मागं एक खोली,
तीन लेकरं,
आणि मास्तर म्हणून मी, आठवी नापास.
त्यांची आई हंडरगुळीच्या दवाखान्यात नर्स.
सहाची एसटी धरायच्या आधी
पत्र्याच्या डब्यावर खडूनं लिहून जाते:
राजी : बीजगणित.
संगू : त्याला वाटंल ते.
अक्कू : ढ.
ढ शिकवायला माणूस बरोबर निवडलाय तिनं.

राजीला शांतता लागते.
सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, मार्चात दहावी.
पट्टा फिरत असला की तिचं वर्गसमीकरण
ज्वारीबरोबर दळून जातं.

संगूला गिरणी चालूच लागते.
वर्गात पंख्याचा आवाज वेगळा, बाकाचा वेगळा,
घंटेचा तर अंगावर येणारा.
कान दाबून तो टेबलाखाली शिरायचा
आणि कुणीतरी पायाला धरून बाहेर ओढायचं.
टाकीचे घाव सोसावे लागतात, म्हणाले होते मला तिथं.
मी तीस वर्षं दगडाला टाकी लावतोय.
एक घाव जास्त पडला
तर पिठात कच येते, एवढंच मला माहीत.

इथं एकच आवाज, सकाळपासून.
तो चाकीच्या लाकडी चौकटीला कपाळ टेकवतो
आणि डोळे मिटून बावीसचा पाढा म्हणतो.
मध्येच सांगतो, "वली हाय."
मी चाड्यात हात घालून बघतो,
आणि खरंच दाणा ओलसर असतो.

अक्कू पाच वर्षांची, डावखुरी.
तिला शांतता नको, आवाज नको,
तिला फक्त मी पाहिजे.
नेमका मापटं भरताना विचारते,
"पप्पा, ढ चं पोट कोणीकडं?"

रात्री कधी कधी झोप लागत नाही.
एकाला उघडलेलं दार दुसरीच्या तोंडावर लागतंय,
आणि तिसरी उंबऱ्यात बसून आहे.
बायको कूस बदलते, म्हणते,
"दार तर हाय ना."

काल दुपारी बाई आल्या, सर्वेक्षणाला.
लाईट नव्हती.
संगू "बावीस सक्कं" वर अडकला होता.
मोटार जिथं थांबते तिथंच तो थांबतो.
"बाळ, नाव काय तुझं?"
तो पट्ट्याकडं बघत राहिला.
बाई वाईट नव्हत्या. घोटभर पाणी प्यायल्या,
पदरानं घाम पुसला, आणि रकान्यात लिहिलं:
शाळाबाह्य.
अक्षर मात्र सुंदर होतं.

त्या गेल्यावर राजीनं व्याकरण उघडलं.
"पप्पा, शाळाबाह्य. समास सोडवा."
"मला कुठला येतोय?"
"शाळेच्या बाहेरचा," ती म्हणाली,
मग पेन्सिल चावत बसली थोडा वेळ.
"पण मग सांगा, शाळा कुणाच्या बाहेरची?"
मी म्हणलं, हे मार्चात विचारणार नाहीत.

साडेसहाला लाईट आली.
मी खटका ओढला. मोटार कण्हली, पट्टा धरला,
आणि संगू चौकटीला कपाळ लावून
चार तासांपूर्वीच्या वाक्यात परत शिरला:
"एकशे बत्तीस."

राजीनं पुस्तक मिटलं. तिची शाळा सुटली.
बाईंच्या चपलांचे ठसे होते तिथल्या पिठात
अक्कूनं डाव्या बोटानं ढ काढला होता,
पोट उलट्या बाजूला.
आज झाडू नका, मी म्हणलं,
हिची आई येऊ द्या.