ढ

इंग्रजीत ढ नाही.
म्हणून काळ्या समुद्राकाठच्या वार्नाहून मेल येतो:
प्रिय माधवी.

माधवी आमच्यात कोणीच नाही.
मी विभूती.
मढवी हे आडनाव, घणसोली गावठाणात
दर तिसऱ्या दारावर दिसेल.
पासपोर्टवर त्याची झाली माधवी,
आणि बारावीच्या मार्कशीटवर
त्यातलाही एक ए गळालेला.

त्या एका ए-साठी बेलापूरला गेले.
कोर्टासमोर टेबल टाकून बसलेले चेऊलकर वकील,
पाचशेचा स्टॅम्प पेपर:
वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून
ती मीच आहे, असे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते.
नक्की ना? त्यांनी विचारलं.
मी हसले. ते हसले नाहीत.
रोज पंधरा-वीस येतात म्हणाले,
स्वतःशी जुळवून घ्यायला.

बाबांना समुद्राचं नाव आवडलं नाही.
काला? आपली खाडी काय कमी काली हाय?
मग बराच वेळ गप्प.
मग, तुला जावाचा हाय ना, मंग जा.

साडेबारा टक्क्यांतला प्लॉट बिल्डरला गेला होता,
त्याचे दोन फ्लॅट आले, त्यातला एक
आता माझी सहा वर्षांची फी आहे.
कागद काढताना पिशवीतून आज्याचाही कागद निघाला.
जमीन गेली त्या वर्षीचा.
निळा डाग, खाली दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात
निशाणी डावा अंगठा.
आज्याला कोणी विचारलं नव्हतं,
तू तोच का म्हणून.

मुलाखत ऑनलाइन, दुपारी तीनला.
शेजारच्या टॉवरचं पायलिंग चालू, म्हणून
खिडकी बंद, पंखा बंद, घाम.
डॉक्टर का व्हायचंय?
क्लासच्या सरांनी पाठ करून घेतलं होतं
सेवा, लहानपणापासूनची आवड वगैरे.
मी तेच म्हटलं.

म्हटलं नाही ते हे:
तेराव्या वर्षी वाशीच्या हॉस्पिटलात
आईच्या आणि डॉक्टरांच्या मध्ये मी उभी होते.
आई म्हणाली, पोटान गोला उठतं.
मी म्हटलं, पेट में दर्द है.
त्यांनी लिहिलं, पेन ॲब्डोमेन.
आईचा गोळा त्या दोन उड्यांत कुठे पडला
ते आम्हा तिघांपैकी कोणी वाकून पाहिलं नाही.
चार महिन्यांनी सोनोग्राफीत सापडला.
आई बरी आहे. पण मी अजून
तो शब्द शोधते.

आणि आता मीच चालले
टेबलाच्या पलीकडे बसायला, अशा गावात
जिथे शिकवतील इंग्रजीत
आणि पेशंट कण्हेल बल्गेरियनमध्ये.
तिसऱ्या वर्षापर्यंत यायला हवी म्हणतात ती भाषा,
वॉर्डात जाण्यापुरती.
तिथली एखादी बाई, डोक्याला रुमाल बांधलेली,
तिच्या पोटात जे उठतं
त्याला काय म्हणत असेल?

नीटला मी दोनदा बसले.
दुसऱ्यांदा अकरा मार्क कमी.
तेव्हा ढ कोणी म्हटलं नाही,
फक्त काका निकाल विचारायचे थांबले.
मराठीच्या बाई सांगायच्या,
सगळी अक्षरं शतकानुशतकं वळत गेली,
एकटा ढ ब्राह्मीत होता तसाच बसून राहिला,
म्हणून मठ्ठ मुलाला ढ.
आम्ही वर्ग डोक्यावर घेतलेला.

आज रात्री मेलचं उत्तर लिहिते.
महोदय, माझं नाव माधवी नाही.
खोडते.
जागा जायची उगाच.

अर्जाच्या शेवटच्या पानावर सहीची चौकट आहे.
कोणत्या लिपीत, ते कुठेच दिलेलं नाही.
मी दोनदा वाचून खात्री केली.
मग बॉलपेनाने, सावकाश,
ढ-च्या पोटातली गाठ नीट वळवून
सही केली.

स्कॅन दोन एमबीच्या वर गेला.
परत केला.